जावयानं आणलेलं पेट्रोल

आमच्या घरात सकाळ व्हायची ती हँडलच्या आवाजानं. खालापुरात कचेरीच्या मागच्या आळीत आमचं घर, आणि घरापुढच्या मांडवात आबांची मोटार उभी असे. वर कापडी टप, बाजूंना उघडी, सहा माणसांची म्हणून बांधलेली आणि दहा माणसं पोटात घेणारी. आबा मूळचे शेतकरी. खोपोलीला वीजघराच्या कामावर एका साहेबाकडे होते, तिथे गाडी शिकले, आणि साहेब आपल्या मुलखाला परत निघाला तेव्हा त्याची जुनी गाडी आबांनी घेतली. खालापूर ते कर्जत स्टेशन अशी ती रोज धावे. कचेरीत काम असलेले लोक, स्टेशनवरून येणारे पाहुणे, भाजीच्या पाट्या, कधी एखादी नवरी. दिवस लढाईचे होते, पेट्रोल कुपनावर मिळे, आणि रस्त्यावर आमच्यासारखी दुसरी गाडी क्वचितच दिसे. त्यामुळे लोक आबांना 'मोटारवाले आबा' म्हणून मान देत, आणि त्या मानाचा थोडा हिस्सा आम्हा मुलींनाही मिळे.

थंडीत गाडी कुरकुर करायचीच. डोंगराच्या पायथ्याला असल्यामुळे आमच्याकडे पहाटे धुकं असं उतरतं की मांडवाच्या पलीकडचा आंबा दिसत नाही. अशा वेळी आबा इंजिनाचे प्लग काढून आयकडे आणून देत. आय ते चुलीवरच्या तव्याच्या कडेला मांडून ठेवी आणि मधे तांदळाची भाकरी टाकी. भाकरी फुगेपर्यंत प्लग तापत. मग आबा ते फडक्यात धरून धावत जाऊन बसवत, राघो पुढे उभा राहून हँडल मारी, दोनचार फेऱ्यांत इंजिन खोकलं की आम्ही सुस्कारा सोडत असू. भाकरीला कधीकधी तेलकट काळा वास लागे. आय म्हणे, "गाडीनं पहिला घास खाल्ला, आता तुमी खावा." आजही कुठे तव्यावर भाकरी करपली की मला त्या मांडवातला गारठा आठवतो.

राघो हा गाडीचा क्लीनर, पण क्लीनर म्हणजे पोरसवदा नव्हे. तिशी ओलांडलेला, पळसदरीचा, आबांबरोबर साहेबाकडेही होता. तो आमच्याकडेच जेवायचा, ओटीवर झोपायचा, आणि आठवड्यातून एकदा घरी जायचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या लग्नात आबांच्या बरोबरीनं तोच राबला होता. अक्का त्याला राघोदादा म्हणायची, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

त्या वर्षी अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि तिच्या मागोमाग काही दिवसांनी जनार्दन भाऊजीही आले. मुंबईच्या गिरणीतली त्यांची नोकरी सुटली होती. बायको माहेरी आणि नवराही सासरी, हे त्या काळात चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. आम्ही लोकांना सांगायचो की आबांना हाताखाली माणूस हवा होता म्हणून भाऊजींना बोलावून घेतलं. भाऊजी स्वभावानं गोड. मला पाटीवर गणितं घालून देत, आयला पाण्याची खेप करू देत नसत. पण ताटावर बसले की मान वर करत नसत. आय त्यांना आग्रहानं वालाचं बिरडं वाढायची, सुकटीतला मोठा वाटा त्यांच्या पानात जायचा, आणि ते हळूच तो बाजूला सारायचे. आबांनी त्यांच्याकडे एक मानाचं काम दिलं. कर्जतला जाऊन कुपनावर पेट्रोल घेऊन यायचं आणि टाकीत भरायचं. पेट्रोल म्हणजे त्या दिवसांत सोनंच. ते घरच्या माणसाच्याच हाती असावं, असा आबांचा विचार.

मग धुकं दाट पडू लागलं, आणि गाडी हट्टाला पेटली. तापवलेल्या प्लगांना दाद देईना. राघोचा खांदा भरून येई, आबा हँडल मारत, भाऊजी मारत. शेवटी गाडी ढकलत आळीतून बाहेर काढायची आणि कचेरीपासच्या उतारावर सोडायची. ढकलायला घरातली सगळी माणसं लागत. आय मागून, मी बाजूनं, परकर एका हातानं गुडघ्यावर धरून. कचेरीच्या पायऱ्यांवर उतारू थांबलेले असत. माझ्या वर्गातल्या मुली त्याच वेळी विहिरीवर यायच्या. त्यांच्यातली एक खिदळून म्हणायची, "सुमे, तुमच्या मोटारीला बैल जुंपा गं!" मी मान खाली घालून ढकलत राहायची. गाडी उतारावर धडधडून सुरू झाली की मागे पांढुरका धूर निघे आणि आम्ही त्या धुरात उभ्या राहत असू, मी आणि आय, एकमेकींकडे न बघता. गंमत अशी, की तीच गाडी दुपारी कर्जतच्या उन्हात उभी राहून तापली की एका फेरीत सुरू होई.

आबांनी गाडी तपासायला काही बाकी ठेवलं नाही. बॅटरी उतरवून कर्जतला भरून आणली. ठिणगी पडते का ते पाहायला प्लग इंजिनाच्या लोखंडावर टेकवून हँडल फिरवलं; निळी, टपोरी ठिणगी पडत होती. कॉइल पाहिली, तारा पाहिल्या, कार्बोरेटरची नळी तोंडात धरून फुंकली. रेडिएटरमधलं पाणी रात्री काढून ठेवायचं आणि सकाळी उकळतं ओतायचं, हेही करून झालं. तेवढ्यापुरता फरक पडे, पुन्हा तेच. घोंगडी पांघरून गाडी झाकली. शेजारच्या म्हाताऱ्यानं दृष्ट काढायला सांगितलं तर आयनं तेही केलं. आबा संध्याकाळी ओटीवर बसून एकेक भाग मनातल्या मनात उलगडत, बोटांवर मोजत, आणि पुन्हा पहिल्या बोटाशी येत. आज मला वाटतं, कुठल्याही मिस्त्र्यानं पहिल्यांदा जे पाहिलं असतं तेवढंच आबांनी पाहिलं नव्हतं. पेट्रोल जावई आणत होते. जावयानं आणलेल्या डब्यात नाक घालून वास घ्यायचा, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

एके दिवशी भाऊजी जेवताना हळूच म्हणाले, "आबा, सांगू का नको असं होतंय. कर्जतच्या स्टँडवर राघो बॉनेट उघडून काहीतरी करत होता. मला बघून झाकण लावलं त्यानं."

आबांनी हातातला घास पानात ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लग काढले तेव्हा त्यांतले दोन जुनाट, कडा झिजलेले दिसले. ते तसे किती दिवस होते कुणास ठाऊक, पण आबांना त्या दिवशी दिसले. त्यांनी राघोला मांडवात बोलावलं. मी उंबऱ्याशी उभी होते.

"राघो, हे पलग कुनी बदलले?"

"कुनी म्हंजी? हेच हायेत की आपले."

"नवे कुटं गेले?"

राघोला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं आबांकडे पाहिलं, मग ओटीवर बसलेल्या भाऊजींकडे. भाऊजी सुपारी कातरत होते. "आबा, मी तुमच्या गाडीचा खिळाबी नेला नाय," एवढंच राघो म्हणाला.

आबा चोर म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. प्लग फडक्यात गुंडाळत बसले. राघो ओटीवरची आपली घोंगडी आणि धोतराची घडी उचलून चालू लागला. आतून अक्का पोटावर हात धरून धावत आली. "राघोदादा, जेवून तरी जा रं!" तो वळला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं होतं की मोटारवाल्या आबांनी चोर क्लीनरला हाकललं. आमच्यापैकी कुणीही ते तोंडानं बोललं नव्हतं. पण कुणी नाकारलंही नव्हतं. राघोची बायको भागी कर्जतच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. पूर्वी मला बघितलं की शेंगांची मूठ परकराच्या ओच्यात टाकायची. त्यानंतर एकदा आयबरोबर मी तिथून गेले, तर बायका तिच्या पाटीला वळसा घालून जात होत्या. आयनंही घातला. माझा हात तिच्या हातात होता आणि तो घामानं ओला झाला होता, माझा की तिचा ते कळलं नाही.

गाडी मात्र सुधारली नाही.

पौषातली ती सकाळ होती. दिशा उजळत होत्या, पण धुकं काही दिसू देत नव्हतं. अक्काच्या पोटात रात्रीपासून कळा येत होत्या. ठकू सुईण आतून बाहेर आली आणि आबांना म्हणाली, "पोर आडवं हाय. माज्या हातचं काम नाय. कर्जतच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." बैलगाडीनं खोपोली गाठून आगगाडीची वाट बघत बसण्याएवढी सवड नव्हती. आयनं आणि ठकूनं अक्काला धरून आणलं आणि गाडीच्या मागच्या बाकावर गोधड्यांवर निजवलं. तिचं डोकं आयच्या मांडीवर. मी तव्यावर प्लग तापवले. आबांनी बसवले. भाऊजींनी हँडल धरलं.

ते हँडल मारणं मी कधी विसरले नाही. फेरीमागून फेरी. इंजिन नुसतं ओलं गुरगुरे. आळीतली माणसं घोंगड्या पांघरून जमली, त्यांनी गाडी उतारावर नेऊन ढकलली, ती घरंगळत खाली गेली आणि कचेरीपाशी तशीच मुकी उभी राहिली. भाऊजी तिथेही हँडल मारत राहिले. तळहाताची साल निघाली, हँडलला रक्त लागलं. आबा म्हणाले, "सोडा, जावईबापू, मी मारतो." ते सोडीनात. आतून अक्का ओरडली. इतका वेळ ती दात दाबून होती, आता ओरडली. भाऊजींचा हात हँडलवरच थांबला.

आबांनी पुन्हा प्लग काढले. ते ओलेचिंब होते. आबांनी त्यांचा वास घेतला. मग ते खाली बसले, कार्बोरेटरची वाटी सोडवली, आणि तिच्यातलं पेट्रोल आपल्या तळहातावर ओतलं. पेट्रोल हातावर घेतलं की गार लागतं आणि बघता बघता उडून जातं, हात कोरडा होतो. आबा हात पुढे धरून बसून राहिले. आळीतली सगळी माणसं बघत होती. हात कोरडा होईना. आबांनी दोन बोटं एकमेकांवर घासली. तेलकट होती. रॉकेल होतं, निम्म्याहून अधिक रॉकेल. आबांनी मान वर केली आणि भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजी पळत सुटले. पळून गेले असंच मला वाटलं. पण ते आमच्या परसात शिरले, पेंढ्याच्या उडवीत हात घातला, आणि भरलेला डबा छातीशी धरून परत आले. त्यांनी तो सगळ्यांच्या देखत आबांच्या पायांशी ठेवला. "हे चांगलं हाय," ते म्हणाले. "ह्यात काय नाय मिसळलेलं." एका ठेकेदाराच्या ट्रकवाल्याला ते बरंचसं पेट्रोल विकत होते आणि त्याच्याकडचं रॉकेल मिसळून आमची टाकी भरत होते. हे नंतर कळलं, पण त्या क्षणी कळायचं काही उरलं नव्हतं. अक्कानं गोधडीवरून मान उचलून पाहिलं होतं. तिनं डोळे मिटले आणि तोंड आयच्या पदरात लपवलं. ते कळांमुळे नव्हतं. मला इतकी लाज वाटली की वाटलं, धुकं आणखी दाट व्हावं.

पुढचं काम आबांनी एकट्यानं केलं. टाकीखालचं बूच फिरवून सगळं मातीत सोडून दिलं. वाटी पुसली, नळी फुंकली, डब्यातलं पेट्रोल ओतलं. कचेरीशेजारच्या घरातल्या चुलीवर मी प्लग पुन्हा सुकवले, तापवले. आबांनी हँडलला हात घातला आणि एकाच झटक्यात गाडी सुरू झाली. धूर निघाला तो नेहमीसारखा पांढरा नव्हता. माझ्या आठवणीत ती गाडी इतक्या सुरेख आवाजात कधी चालली नाही, आणि तो आवाज ऐकवत नव्हता.

कर्जतला डॉक्टरीणबाईंनी अक्काला सोडवलं. मुलगी झाली. दोघी जगल्या. दुपारी मला आत जाऊ दिलं. अक्का पांढरी पडली होती, पण डोळे उघडे होते. बाहेर ओट्यावर आबा एका टोकाला आणि भाऊजी दुसऱ्या टोकाला बसले होते.

"सुमे," ती म्हणाली, "त्यांना सांग, आदी राघोदादाकडं जा म्हनावं. मंग पोरीचं तोंड बगा."

"बरं."

"आन् आबांनाबी सांग."

मी निरोप सांगितला. भाऊजी लगेच उठले. आबा थोड्या वेळानं उठले. मला म्हणाले, "तू पन चल." का ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना भाऊजींबरोबर एकट्यानं गाडीत बसायचं नव्हतं.

पळसदरीला राघोचं घर गावाच्या कडेला होतं. गाडीचा आवाज ऐकून तो अंगणात आला आणि तिथेच उभा राहिला. भागी आत गेली, घोंगडी घेऊन आली, ती झटकून ओट्यावर पसरली आणि म्हणाली, "बसा, जावईबापू." खालापूरच्या मोटारवाल्या आबांचा जावई म्हणजे तिच्या लेखी मानाचा पाहुणा. भाऊजी बसले नाहीत. अंगणातच उभ्यानं त्यांनी सगळं सांगितलं. पेट्रोलचं सांगितलं, रॉकेलचं सांगितलं, स्टँडवरच्या बॉनेटचं खोटं सांगितलं तेही सांगितलं. "सासऱ्याच्या पानावर बसून बसून माजं डोकं फिरलं व्हतं," ते म्हणाले, आणि पुढे बोलवेना तेव्हा मान घालून रडले. राघोनं त्यांना रडू दिलं.

मग तो आबांकडे वळला.

"ह्यांचं कळलं मला," तो म्हणाला. "ह्यांना सासुरवाडीत ऱ्हायाचं व्हतं. बायको अडली तवा मान खाली घालून डबा आनला, तेबी कळलं. पन तुमचं काय अडलं व्हतं, आबा? साहेबाकडं आपुन एका ताटात जेवलो. तुमी मला एकदा सरळ इचारायचं व्हतं, राघो, तू केलंस का? मी नाय म्हनलो असतो. मंग तुमी काय ते ठरवायचं व्हतं."

आबांनी टोपी काढून हातात घेतली होती. ती ते गोल गोल फिरवत होते. आमच्या आबांना मी आळीत, स्टँडवर, कचेरीत मोठ्या आवाजात बोलताना ऐकलेलं. त्या अंगणात ते उभे राहिले आणि काही बोलले नाहीत.

राघोनं वाट पाहिली. खूप वाट पाहिली असं आज वाटतं. मग त्यानं विचारलं, "अक्का सुटली का?"

"सुटली," मी म्हणाले. "मुलगी झाली."

त्याचा चेहरा हलला. भागी आत जाऊन फडक्यात बांधलेली नाचणी घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "बाळंतिनीला पेज करून घाल गं." मला ती घेववेना आणि नाकारताही येईना. कामावर परत येशील का, हे आबांच्या वतीनं भाऊजींनीच विचारलं. राघो म्हणाला, "नाय. रेल्वेच्या गँगमदी लागलोय मी. बरं हाय तितं."

परतताना गाडीत नाचणीचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं.

दवाखान्यात अक्कानं गाठोडं पाहिलं, उघडलं, चिमूटभर हातात घेऊन पुन्हा बांधलं. मला विचारलं, "गेले व्हते?" मी हो म्हणाले. "सांगितलं त्यांनी?" मी म्हणाले, "सगळं सांगितलं." तिनं बाळंत्यात गुंडाळलेली पोर उचलून भाऊजींपुढे धरली. त्यांच्या हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यांनी ती मनगटांवर झेलली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आबा दारात होते. ते पुढे आले, नातीसाठी त्यांनीही हात पसरले. अक्कानं भाऊजींकडून पोर परत घेतली आणि आपल्या कुशीत ठेवली.

"आबा, तुमी काय बोललात त्याला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"काय नाय बोललो," आबा म्हणाले.

आय कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "अगं, बाप हाय तुजा." अक्का तिच्याकडे वळली नाही. ती आबांशी हळू आवाजात, आजारी माणसाच्या मऊ आवाजात बोलली, आणि आमच्या घरात आबांशी तसं कुणी कधी बोललं नव्हतं.

"मंग तुमी परत जाऊन या."

आबांचे हात काही वेळ तसेच पसरलेले राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि बाहेर पडले. मी खिडकीशी गेले. गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती, उन्हानं तापलेली, हात लावताच सुरू होईल अशी. आबा तिच्या बाजूनं गेले, तिच्याकडे न बघता फाटकाबाहेर पडले आणि पळसदरीच्या वाटेनं पायी चालू लागले.